वीज आली, सर्व्हर सुरू झाला, पण डेटाबेस उघडेना

नागपुरात मे महिन्यातल्या एखाद्या संध्याकाळी वावटळ उठते, पाठोपाठ वळवाचा पाऊस येतो आणि वीज जाते. यात कोणालाही नवल वाटत नाही. कळमन्याच्या बाजारातला आडत्या असो, इतवारीतला ठोक व्यापारी असो की धरमपेठेतली एखादी पॅथॉलॉजी लॅब असो, यूपीएस सगळ्यांकडे असतो. त्याची बॅटरी शेवटची कधी बदलली हे मात्र फार थोड्यांना आठवते. वीज परत येते, सर्व्हरचे पंखे फिरू लागतात, दिवे लुकलुकतात, पण बिलिंगचा पडदा काही उघडत नाही. 'द डेटाबेस सिस्टीम इज स्टार्टिंग अप' एवढी एकच ओळ पुन्हा पुन्हा दिसत राहते. वीस मिनिटे जातात, तास जातो. मग मालक विचारतात, "भाऊ, अजून किती वेळ?" ज्याच्याकडे या प्रश्नाचे उत्तर नसते तो वैतागून सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करतो, आणि तोवर झालेले बहुतेक काम नव्याने करण्याची पाळी डेटाबेसवर आणतो.

त्या वेळात डेटाबेस नेमके काय करत असतो, ते काम कधीकधी अवाच्या सवा का लांबते, आणि त्यामागे एखाद्या इंडेक्सच्या (माहिती शोधण्याच्या सूचीच्या) कोडमधला दोष आहे की नुसतेच काम जास्त आहे हे कसे ओळखायचे, हे या लेखात पाहू. उदाहरणे पोस्टग्रेस या डेटाबेसची घेतली आहेत, कारण रोजचे काम त्यावर आहे आणि त्याचे आतले वागणे उघडून पाहता येते. मूळ तत्त्व मात्र बहुतेक सर्व डेटाबेसना लागू पडते.

रोजकीर्द आणि खतावणी

आडतीच्या दुकानातले जुने दिवाणजी ज्यांनी पाहिले असतील त्यांना ही गोष्ट संगणकाच्या विद्यार्थ्यांपेक्षा लवकर कळेल. संत्र्याचा हर्रास होतो, काट्यावर माल चढतो, आणि प्रत्येक व्यवहार ज्या क्रमाने घडला त्याच क्रमाने आधी रोजकीर्दीत उतरतो. त्यातला शेतकऱ्याच्या खात्याचा भाग आणि खरेदीदाराच्या खात्याचा भाग नंतर सवडीने खतावणीत जातो. दुपारच्या गर्दीत खतावणी मागे पडली तरी बिघडत नाही, कारण रोजकीर्द पूर्ण असते. दिवाणजींना मध्येच उठून जावे लागले, तर 'इथवर खतावले' अशी खूण पाहून दुसरा माणूस पुढचे काम हाती घेऊ शकतो.

डेटाबेसही हेच करतो. माहिती साठवण्याच्या फाइली म्हणजे खतावणी; पोस्टग्रेसमध्ये त्या ८ केबीच्या पानांत विभागलेल्या असतात. एखादा बदल आधी मेमरीतल्या पानावर होतो आणि त्याची नोंद लॉगमध्ये, म्हणजे रोजकीर्दीत, होते. व्यवहार पक्का झाला असे सांगण्यापूर्वी लॉगमधली नोंद डिस्कवर पोचलेलीच असते, पान मात्र नंतर केव्हातरी जाते. लॉग १६ एमबीच्या तुकड्यांत लिहिला जातो. अधूनमधून डेटाबेस सगळी बदललेली पाने डिस्कवर उतरवतो आणि लॉगमध्ये 'इथवर खतावले' अशी खूण करतो. या खुणेला चेकपॉइंट म्हणतात. मूळ सेटिंगप्रमाणे ही खूण दर ५ मिनिटांनी, किंवा लॉग १ जीबीच्या मर्यादेजवळ जाऊ लागला तर त्याआधीच, केली जाते.

वीज गेली की मेमरीतली पाने जातात आणि लॉग उरतो. पुन्हा सुरू होताना डेटाबेस शेवटच्या खुणेपाशी जातो आणि तिथून पुढची प्रत्येक नोंद क्रमाने वाचून पानांवर पुन्हा लागू करतो. हीच क्रॅश रिकव्हरी. या विषयाची आजची पक्की मांडणी आयबीएममधील सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'एरीज' या पद्धतीतून आली. तिच्यात तीन टप्पे आहेत : परिस्थितीचे विश्लेषण, झालेले पुन्हा करणे, आणि अर्धवट राहिलेले व्यवहार मागे घेणे. मायएसक्यूएलचे इनोडीबी इंजिन मागे घेण्याचे कामही करते. पोस्टग्रेसला ते करावे लागत नाही, कारण तिथे ओळीची जुनी प्रत नव्या प्रतीशेजारीच ठेवलेली असते. अर्धवट व्यवहाराची नवी प्रत नुसती अदृश्य मानली जाते आणि पुढे व्हॅक्यूम हे सफाईचे काम तिला झाडून काढते. म्हणून पोस्टग्रेसची रिकव्हरी म्हणजे जवळजवळ पूर्णपणे लॉग पुन्हा लागू करणे, ज्याला इथे रीडू म्हणतात. आणि हे काम एकच प्रोसेस, एकापाठोपाठ एक नोंद घेत, करते.

यातून एक गोष्ट निघते, जी मालकांना आधीच सांगून ठेवलेली बरी. रिकव्हरीचा वेळ डेटाबेसच्या एकूण आकारावर सहसा ठरत नाही. डेटा २० जीबी असो वा २ टीबी, शेवटच्या खुणेनंतरचा लॉग तेवढाच असेल तर काम साधारण तेवढेच असते. याला एक किरकोळ अपवाद आहे : रीडू सुरू होण्यापूर्वी पोस्टग्रेस डेटाच्या सर्व फाइली डिस्कवर पक्क्या झाल्या आहेत याची खात्री करतो, आणि हजारो टेबले असतील तर त्यातच बराच वेळ जातो. २०२१ मध्ये आलेल्या १४ व्या आवृत्तीपासून लिनक्सवर हे काम एका फटक्यात उरकण्याचा पर्याय आहे.

सूचीचे पान भरते तेव्हा

आता इंडेक्सकडे येऊ. जाड खतावणीच्या सुरुवातीला नावांची सूची असते. अमुक शेतकरी, पान क्रमांक तमुक. इंडेक्स म्हणजे ही सूची. सर्वांत जास्त वापरला जाणारा प्रकार बी-ट्री. बायर आणि मॅक्राइट यांनी तो १९७० च्या सुमारास बोइंग कंपनीच्या संशोधन विभागात मांडला. यात तळाच्या पानांवर नावे क्रमाने असतात, आणि वरच्या पानावर 'अ ते ग या पानावर, घ ते ध त्या पानावर' अशी दिशा दाखवलेली असते.

तळाचे पान भरले की ते दुभागते. अर्धी नावे नव्या पानावर जातात, जुन्या पानावर 'पुढचे पान अमुक' असा दुवा लिहिला जातो, आणि वरच्या पानावर नव्या पानाची नोंद करावी लागते. या दोन कामांच्या मधोमध वीज गेली तर? दुभाजन झालेले असते, पण वरच्या पानाला त्याचा पत्ता नसतो. लेहमन आणि याओ यांनी १९८१ मध्ये सुचवलेली रचना पोस्टग्रेस वापरतो, आणि तिच्यात शेजारच्या पानाचा दुवा असल्यामुळे शोध चुकत नाही. एक पाऊल जास्त चालावे लागते एवढेच. म्हणजे अर्धवट दुभाजन हे उरलेले काम असते, त्याने माहिती बिघडत नाही.

आता निदानाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. लॉगमधली इंडेक्सची नोंद 'गणपत हे नाव सूचीत घाला' अशी नसते. ती असते, 'फाइल २४६०१, पान ८१२, जागा ३७ येथे हे बाइट ठेवा' अशी. रिकव्हरीत डेटाबेस नाव शोधत वरून खाली उतरत नाही, तुलना करत नाही, विचार करत नाही. सांगितलेले पान उघडतो आणि सांगितलेल्या जागी लिहितो. चेकपॉइंटनंतर पानाला पहिल्यांदा हात लागतो तेव्हा तर बहुधा अख्खे पानच लॉगमध्ये लिहिलेले असते, त्यामुळे जुने पान वाचायचीही गरज पडत नाही. इंडेक्सची रिकव्हरी हे असे हमालीचे काम आहे. निरोगी इंडेक्सची रिकव्हरी लांबली तर ती बहुतेक वेळा डिस्कची वाट पाहण्यामुळे लांबते. प्रोसेसर त्यात सहसा पूर्ण वेळ गुंतून पडत नाही. एक कोअर तासभर शंभर टक्के व्यग्र, डिस्क जवळजवळ शांत आणि लॉग मात्र मुंगीच्या पावलांनी पुढे जातो आहे, हे दृश्य दिसले की मी कान टवकारतो.

मात्र लॉगमध्ये इंडेक्सच्या नोंदी पुष्कळ आहेत एवढ्यावरून दोष सिद्ध होत नाही. टेबलावर सहा इंडेक्स असतील तर एक नवी ओळ म्हणजे टेबलाची एक नोंद आणि इंडेक्सच्या किमान सहा. मजकुरातले शब्द शोधण्यासाठी वापरला जाणारा जिन प्रकारचा इंडेक्स तर आणखी खादाड. मालाचे वर्णन तीस वेगवेगळ्या शब्दांचे असेल तर एका ओळीमागे तीस नोंदी होऊ शकतात. त्या लगोलग न करता आधी एका प्रतीक्षा यादीत ठेवून, यादी मूळ सेटिंगप्रमाणे ४ एमबीच्या पुढे गेली की एकदम मुख्य इंडेक्समध्ये ओतल्या जातात, आणि त्या क्षणी लॉगमध्ये एकदम मोठी भर पडते. ओळखक्रमांकासाठी पूर्णपणे यादृच्छिक यूयूआयडी (कुठेही पुन्हा न येणारे लांबलचक क्रमांक) वापरणाऱ्यांची गत वेगळीच. प्रत्येक नवा क्रमांक सूचीच्या भलत्याच पानावर जाऊन पडतो, त्यामुळे प्रत्येक नोंदीसाठी वेगळे पान उघडावे लागते. हा कोडमधला दोष नाही, आराखड्यातली निवड आहे. तिच्यावर उतारा म्हणून काळाच्या क्रमाने वाढणारे यूयूआयडी आता वापरात आले आहेत आणि २०२५ च्या १८ व्या आवृत्तीत ते तयार करण्याची सोय पोस्टग्रेसमध्येच आहे.

चिठ्ठ्यांचा ढीग

खरा दोष कसा असतो ते पाहण्यासाठी जुन्या आवृत्त्यांकडे जावे लागेल, कारण तिथे तो सर्वांत स्वच्छ दिसतो. पूर्वी अर्धवट दुभाजनांचा हिशेब रिकव्हरीच्या वेळी मेमरीत ठेवला जाई. दिवाणजींच्या भाषेत सांगायचे तर 'पान फाडले, वरच्या सूचीत लिहायचे राहिले' अशी चिठ्ठी एका डब्यात टाकली जाई. पुढे लॉगमध्ये वरच्या पानाची नोंद आली की ती चिठ्ठी शोधून फेकून द्यायची. लॉग संपल्यावर डब्यात ज्या चिठ्ठ्या उरतील तेवढी दुभाजने खरोखर अर्धवट. ती पूर्ण करायची आणि दुकान उघडायचे. पद्धत तर्कशुद्ध होती.

आता समजा, चिठ्ठी फेकण्याच्या कोडमध्ये बारीकशी चूक राहिली. एखाद्या विशिष्ट प्रकारच्या दुभाजनाची चिठ्ठी कधी जुळतच नाही. काम बरोबर होते, पाने बरोबर लिहिली जातात, पण चिठ्ठी डब्यात पडून राहते. मग पुढच्या प्रत्येक दुभाजनाच्या वेळी डेटाबेस वाढत्या ढिगातून एकेक चिठ्ठी चाळतो. एक हजार दुभाजने झाली तर चाळण्याच्या फेऱ्या सुमारे ५ लाख होतात. कोणाला कळतही नाही. दुभाजने एक लाख झाली तर फेऱ्या सुमारे ५०० कोटी होतात. लॉग शंभरपट वाढला आणि काम दहा हजारपट.

असा दोष वर्षानुवर्षे लपून का राहतो याचे उत्तरही यातच आहे. हा कोड रोज चालत नाही. वीज गेल्यावरच चालतो. चाचणीतही बहुधा सर्व्हर अर्ध्या मिनिटाच्या कामानंतर पाडला जातो आणि तेव्हा डब्यात दहा-वीस चिठ्ठ्या असतात. दोष उघडा पडतो तो चेकपॉइंट लांबवून ठेवलेल्या, दिवसभर रगडून चालणाऱ्या, भलीमोठी सूची असलेल्या सर्व्हरवर, आणि नेमका दुकानात गर्दी असताना.

पोस्टग्रेसच्या विकासकांनी पुढे डबाच काढून टाकला. हाइकी लिनाकांगास यांनी हे काम आधी जिस्ट प्रकारच्या इंडेक्ससाठी केले, ते २०११ च्या ९.१ आवृत्तीत आले. बी-ट्री आणि जिनसाठी ते २०१४ च्या ९.४ मध्ये आले. आता 'दुभाजन अपुरे' ही खूण त्या पानावरच असते आणि पुढे त्या वाटेने नवी नोंद घालायला जो येईल तो अपुरे काम पूर्ण करतो. रिकव्हरीच्या शेवटची आवराआवर संपली. तिच्यासोबत आणखी एक जुनी डोकेदुखीही गेली : चिठ्ठीवरचे काम पूर्ण करताना वरचे पान सापडले नाही की 'फेल्ड टू री-फाइंड पेरेंट की' असे सांगून डेटाबेस सगळा लॉग लागू झाल्यावर, अगदी उंबरठ्यावर येऊन, कोसळायचा.

चिठ्ठ्या गेल्या, तरी त्या जातीचे दोष संपत नाहीत. एका नोंदीसाठी घेतलेली मेमरी ती नोंद झाल्यावर परत न करणे हा दुसरा नमुना. प्रत्येक नोंदीमागे काहीशे बाइट राहून गेले तरी कोट्यवधी नोंदींनंतर रॅम भरते, स्वॅप (मेमरीतला मजकूर डिस्कवर हलवणे) सुरू होतो, आणि मग मंदपणाचे खापर बिचाऱ्या डिस्कवर फुटते. तिसरा नमुना म्हणजे रिकामी झालेली पाने पुन्हा वापरात न आल्यामुळे इंडेक्स नुसता फुगत जाणे.

याच्या नेमके उलटे उदाहरणही सांगण्याजोगे आहे. २०१७ च्या १० व्या आवृत्तीपूर्वी पोस्टग्रेसचा हॅश इंडेक्स लॉगमध्ये नोंदवलाच जात नसे. त्यामुळे रिकव्हरीला त्याचा काही त्रास नव्हता. पण वीज गेल्यानंतर तो इंडेक्स भरवशाचा राहत नसे आणि तो नव्याने बांधावा लागे. लवकर उघडलेला डेटाबेस बरोबर उत्तरे देईलच असे नसते.

निदान

लॉगच्या फाइलींना हात न लावता, नुसते पाहून, पुष्कळ काही कळते. पहिले पाहायचे ते सर्व्हरचा स्वतःचा संदेश-लॉग, जो रिकव्हरीच्या लॉगपेक्षा वेगळा असतो. त्यात 'रीडू स्टार्ट्स ॲट' ही ओळ आली आहे का? आली नसेल तर अजून फाइली पक्क्या करण्याचेच काम चालू आहे आणि इंडेक्सवर संशय घेण्यात अर्थ नाही. आली असेल तर २०२२ च्या १५ व्या आवृत्तीपासून दर १० सेकंदांनी 'रीडू इन प्रोग्रेस' अशी ओळ, किती वेळ झाला आणि लॉगमधली आताची जागा कोणती, या तपशिलासह येत राहते. जुन्या आवृत्तीत हे दिसत नाही. तिथे लिनक्सच्या पीएस आज्ञेत, रिकव्हरी करणाऱ्या स्टार्टअप प्रोसेसच्या नावापुढे, ती सध्या वाचत असलेल्या लॉग-फाइलचे नाव दिसते. ते दर मिनिटाला टिपून ठेवावे.

सुरुवात कुठून झाली ते पोस्टग्रेससोबत येणारे पीजी-कंट्रोलडेटा हे साधन सांगते. शेवट कुठे आहे हे ओळखताना मात्र नवखे लोक हमखास फसतात. लॉगच्या फोल्डरमधली सर्वांत मोठ्या क्रमांकाची फाइल म्हणजे शेवट नव्हे, कारण पोस्टग्रेस जुन्या फाइलींना पुढचे क्रमांक देऊन त्या आधीच तयार ठेवतो. त्या फाइलींत जुनाच मजकूर असतो. फाइल शेवटची कधी लिहिली गेली ती वेळ पाहून, वीज गेली त्या मिनिटाच्या आसपासची फाइल शोधावी. तोच खरा शेवट. हे एवढे केले तरी "अजून किती वेळ" या प्रश्नाला अंदाजाचे का होईना, उत्तर देता येते.

त्यानंतर प्रोसेसर आणि डिस्क. सोळा कोअरच्या सर्व्हरवर एक कोअर पूर्ण भरलेला असेल तर एकूण आकडा सहा टक्क्यांच्या आसपास दिसतो, आणि 'सर्व्हर तर मोकळाच आहे' असा गैरसमज होतो. म्हणून स्टार्टअप प्रोसेसचा स्वतःचा आकडा पाहावा. ती डिस्कची वाट पाहत थांबली आहे की सतत गणित करते आहे, आणि तिने घेतलेली मेमरी मिनिटागणिक वाढते आहे का, या दोन प्रश्नांची उत्तरे तिथेच मिळतात.

मग लॉगच्या आत डोकावायचे. पीजी-वॉलडंप हे साधन लॉग फक्त वाचते, म्हणून रिकव्हरी चालू असतानाही ते चालवायला हरकत नाही. त्याचा आकडेवारीचा पर्याय दिला की टेबल, बी-ट्री, जिन, जिस्ट, हॅश अशा प्रत्येक विभागाच्या किती नोंदी आहेत, त्यांचा आकार किती, आणि त्यात अख्खी पाने किती, याचा तक्ता मिळतो. रिकव्हरी जिथे रेंगाळली आहे तो तुकडा आणि जिथून ती झपाट्याने गेली तो तुकडा, या दोन्हींचा तक्ता काढून शेजारी ठेवावा.

इथे थोडे थांबून एक इशारा द्यायला हवा. 'सुरुवातीला एका फाइलला दोन सेकंद लागत होते, आता वीस लागतात, म्हणजे दोष आहे' असा निष्कर्ष घाईचा ठरेल. चेकपॉइंटच्या लगेच नंतरच्या लॉगमध्ये अख्ख्या पानांचा भरणा असतो. १६ एमबीमध्ये नोंदी थोड्या आणि प्रत्येक नोंद मोठी, म्हणून त्या फाइली लवकर संपतात. पुढे पुढे अख्खी पाने कमी होतात, तेवढ्याच १६ एमबीत कितीतरी पट बारीक नोंदी मावतात, आणि फाइलमागचा वेळ निर्दोष सर्व्हरवरही वाढतो. म्हणून वेळ फाइलमागे न मोजता नोंदीमागे मोजावा. एकाच प्रकारच्या नोंदींना लागणारा सरासरी वेळ टिकून असेल तर काम जास्त आहे एवढेच, धीर धरावा. तोच वेळ, डिस्क शांत असताना, सतत चढत असेल तर आत कुठेतरी ढीग साचतो आहे.

तो ढीग कोणता हे पाहायला लिनक्सचे परफ हे साधन पुरते. स्टार्टअप प्रोसेसचा वेळ कोणत्या फंक्शनमध्ये जातो त्याची यादी ते देते. पोस्टग्रेसची डीबग-चिन्हे बसवलेली असतील तर नावे वाचता येतात. पान वाचणे-लिहिणे वर दिसले तर तो डिस्कचा विषय. एखाद्या यादीत शोधणे, मेमरी मागणे, किंवा जिन-जिस्टच्या रीडूमधले एकच फंक्शन बहुतेक वेळ खात असेल, तर गुन्हेगार जवळपास सापडला.

कोणता इंडेक्स, हे कळण्यात मात्र एक गंमतशीर अडचण येते. लॉगमध्ये इंडेक्सचे नाव नसते. टेबलस्पेस, डेटाबेस आणि फाइल असे तीन क्रमांक असतात. क्रमांकावरून नाव सांगणारी यादी असते डेटाबेसमध्येच, आणि तो तर बंद आहे. शिवाय इंडेक्स पुन्हा बांधला की फाइलचा क्रमांक बदलतो, त्यामुळे जुनी यादी चालेलच असे नाही. मी रोज रात्री बॅकअपसोबत नाव आणि फाइल-क्रमांक यांची छोटी यादी एका साध्या मजकूर-फाइलमध्ये काढून ठेवतो. तिला लागते काही केबी जागा, आणि अशा रात्री तिची किंमत कळते.

हातात काय असते

सर्वांत आधी, काय करू नये. चालू रिकव्हरी मारून पुन्हा सुरू करू नये. साध्या क्रॅश रिकव्हरीत पोस्टग्रेस मधल्या टप्प्यावर नवी खूण करत नाही, त्यामुळे पुन्हा त्याच जुन्या खुणेपासून सगळा लॉग वाचावा लागतो. आणि पीजी-रीसेटवॉल या आज्ञेच्या वाटेला जाऊ नये. इंटरनेटवर पाहून ती चालवणारे लोक मी पाहिले आहेत. डेटाबेस तत्काळ उघडतो, सगळ्यांना आनंद होतो. पण ती आज्ञा म्हणजे न खतावलेली रोजकीर्द फाडून टाकणे आहे. कोणत्या खात्यात काय चढले आणि काय राहिले ते नंतर कोणालाही सांगता येत नाही.

एकच इंडेक्स वगळून बाकीची रिकव्हरी करण्याची सोय पोस्टग्रेसमध्ये नाही. पण दोष कोडमध्ये आहे असे ठरले, तर एक मार्ग खुला असतो आणि तो अनेकांना सुचत नाही. सर्व्हर थांबवावा, डेटाच्या संपूर्ण फोल्डरची प्रत काढावी, त्याच मुख्य आवृत्तीची ताजी किरकोळ आवृत्ती (जसे १४.३ ऐवजी १४.४) बसवावी आणि पुन्हा सुरू करावे. किरकोळ आवृत्त्यांत लॉगचा आणि पानांचा आराखडा बदलत नाही, त्यामुळे तोच लॉग दुरुस्त कोडने वाचला जातो. या आवृत्त्या ठरलेल्या वेळापत्रकानुसार फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये येतात. मुख्य आवृत्ती मात्र अशी मध्येच बदलता येत नाही. त्यासाठी डेटाबेस आधी नीट बंद झालेला असावा लागतो.

डेटाबेस उघडल्यावर संशयित इंडेक्स नव्याने बांधायला घाबरू नये. टेबलावरून सूची केव्हाही करता येते, सूचीवरून टेबल करता येत नाही. २०१९ च्या १२ व्या आवृत्तीपासून हे काम लिहिणे-वाचणे चालू असतानाही करता येते, पण इथेही आवृत्ती पाहून घ्यावी : १४ व्या आवृत्तीच्या सुरुवातीच्या प्रकाशनांत याच सोयीमध्ये इंडेक्स बिघडवणारा दोष होता आणि तो जून २०२२ मध्ये १४.४ ने दुरुस्त केला. टेबलातली प्रत्येक ओळ बी-ट्रीमध्ये आहे ना, हे तपासायला ॲमचेक हे साधन आहे. जिनसाठीची तपासणी त्यात १८ व्या आवृत्तीत आली. जाता जाता मराठी मजकूर ठेवणाऱ्यांसाठी एक सूचना. सूचीचा वर्णक्रम डेटाबेस बहुधा ऑपरेटिंग सिस्टीमकडून घेतो, आणि लिनक्सची मूळ लायब्ररी असलेल्या ग्लिबसीच्या २०१८ मधील २.२८ आवृत्तीत वर्णक्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. जुन्या लिनक्सवरचा डेटा जसाच्या तसा नव्यावर आणला तर रिकव्हरी सुरळीत होते, वेळेत होते, आणि तरीही असलेले नाव सूचीत सापडत नाही. तो रिकव्हरीचा दोष नव्हे, आणि त्याचे खापर वीज मंडळावर फोडता येत नाही.

राहिला पुरावा. ज्या रात्री दुकान बंद पडते त्या रात्री शोध लावण्याइतकी सवड कोणालाच नसते, म्हणून काढून ठेवलेली प्रत जपून ठेवावी आणि प्रयोग दुसऱ्या यंत्रावर, दिवसाउजेडी करावा. चेकपॉइंट मुद्दाम लांबवायचा, चालू कामासारखेच काम चालवून १ जीबी लॉग होऊ द्यायचा, सर्व्हर 'इमीजिएट' पद्धतीने, म्हणजे आवराआवर न करता एकदम, पाडायचा आणि रिकव्हरीचा वेळ मोजायचा. मग तेच २ जीबी आणि ४ जीबी लॉगवर करायचे. वेळ साधारण दुप्पट, चौपट होत गेला तर डिस्क, मेमरी आणि चेकपॉइंटची सेटिंगे पाहावीत. तो चौपट, सोळापट होत असेल तर संशयित इंडेक्स काढून टाकून तोच प्रयोग पुन्हा करावा. वाढ नाहीशी झाली की आवृत्तीचा पूर्ण क्रमांक, पीजी-वॉलडंपचे तक्ते, परफची यादी आणि हे तीन-तीन आकडे एकत्र करून विकासकांच्या दोष-नोंदणीकडे पाठवावेत. सोबत टेबल आणि इंडेक्स तयार करणाऱ्या आज्ञाही द्याव्यात, पण ग्राहकांची माहिती त्यातून काढून. दोष पुन्हा घडवून पाहायला बनावट ओळी पुरतात.